काळ्या कापडाचे तारे

तीर्थरूप बाबा,

इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवतो.

खांद्यावर तिसरा तारा मिळाला. आईला आधी सांगा, मग शेजारी. पण पितळेचा तो तारा जेमतेम आठवडाभर मिरवला. लढाई संपेपर्यंत अधिकाऱ्यांनी पितळ लावायचं नाही, काळ्या कापडाचे तारे शिवायचे, असा हुकूम आला. चमकणारं लांबून दिसतं म्हणे. आईने विचारलंच तर सांगा, पितळ घासायचा वेळ वाचतो.

आमचा शिंपी नेमका रजेवर, आणि बाकीच्या अधिकाऱ्यांना सुईत दोरा ओवता येईना. मग मीच मांडी घालून बसलो. ज्यांच्यापुढे सगळी तुकडी चळाचळा कापते ते मोठे साहेब बनियनवर उभे राहून दोनदा विचारून गेले, "झाला का हो शर्ट?" मी तुमच्यासारखंच मान वर न करता म्हणालो, "संध्याकाळी या." साहेब मुकाट्याने गेले. साहेब व्हायचं म्हणून दुकानातून उठवलंत मला, आणि बघा.

मशीनचा पट्टा अजून सुतळीनेच बांधलाय का? चष्मा बदललात?

टाके मात्र सैल घातलेत. तुम्ही पाहिले असते तर कान पिळला असता. पण ते मुद्दाम. लढाई संपली की झटक्यात उसवता यायला हवेत. आणि उसवायला प्रत्येकाने स्वतः माझ्याकडेच यायचं, हे मी सगळ्यांकडून कबूल करून घेतलंय. मोठ्या साहेबांकडूनसुद्धा.

तुमचा,
साहेब होऊनही शिंपीच राहिलेला लेक