मालकांच्या गालावरचे ठिपके

१२ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आमच्या छापखान्यात बोलतं पुस्तक निघतंय. पानभर जेमतेम दिसणारे ठिपके असतात. एका जाड पेनाच्या टोकातला कॅमेरा त्यांची मांडणी ओळखतो, त्यावरून आपण पानावर कुठे आहोत हे पेनाला कळतं आणि ते तिथला आवाज काढतं. वासरावर टेकवलं की वासरू हंबरतं.

मला हे कुणी आधी सांगितलं नाही. तपासायला आलेल्या पानावर मालकांचा फोटो होता. गालावर बारीक घाण दिसली म्हणून मी ती संगणकावर पुसली. ते ठिपके होते हे नंतर कळलं. मग शेजारच्या पानावरचे तेवढेच उचलून तिथे बसवले. दिसायला हुबेहूब. पेन लावून पाहायचा मात्र धीर झाला नाही. सोमवारी मालक हे पान शाळेच्या बाईंना दाखवणार आणि मला कायम करायचं की नाही, तेही त्याच दिवशी ठरवणार.

सोबत एक पेन पाठवतोय. कागद वाया जाऊ नये म्हणून पत्र त्याच पानाच्या पाठकोऱ्या प्रतीवर लिहिलं आहे.

लोभ आहेच, नोकरी गेली तरी तो राहावा.

तुझा,
वेलांटी

१५ जून

चि. वेलांटी यास, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचण्याआधी मी ते उलटलं आणि मालकांच्या गालाला पेन लावलं. ते रेकले. चांगले लांब, शेवटी उचकी देऊन. शेजारच्या पानावर गाढव आहे ना रे? ठिपक्यांबरोबर त्याचा पत्ताही उचललास. तुझे भावजी म्हणतात, फोटो पाहूनच त्यांना शंका आली होती. पेन ते आता सोडत नाहीत.

मालकांना आधीच सांगून टाक. नोकरी जायची तर तुझ्या तोंडून जाऊ दे, गाढवाच्या नको.

काळजी करणारी आणि हसणारी,
ताई

सोमवार

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. तसाच मालकांच्या खोलीकडे धावलो, तोवर बाईंनी पेन टेकवलं होतं. मालक रेकले. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. बाईंनी रुमाल तोंडाला लावला. मालकांनी मात्र गंभीरपणे विचारलं की रेकणं कसं वाटलं. गाढव कुणालाच जमेना म्हणून तो आवाज त्यांनी स्वतः दिला होता. बाई म्हणाल्या, अगदी खरं वाटलं. मालकांनी खुशीत पुन्हा पेन टेकवलं.

मूळचे ठिपके परत बसवले आहेत. मला यापुढे शुद्धलेखन बघायचं, गाल बघायचे नाहीत, अशी ताकीद मिळाली. शिवाय बकरीचा आवाज द्यायला कुणी तयार नव्हतं, तो माझ्याकडून घेतला. सोबत तो आवाज भरलेलं नवं पेन आहे. पत्र उलटून बकरीवर टेकव. तुला आणि भावजींना नमस्कार तिथेच केला आहे.

तुझा कायमचा,
वेलांटी