शिक्का असलेला सायलेन्सर

वॉटफर्ड, ऑक्टोबर २००६

प्रिय नकुल,

मराठी वाचायला तुला वेळ लागतो, पण मला इंग्रजी लिहिता येत नाही. सातवीच्या पुढे मी गेलोच नाही. म्हणून अक्षर मोठं काढलंय. शुक्रवारी तू तुरुंगातून सुटायच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडायलाच हवं. मागच्या भेटीत टेबलावर मूठ आपटून म्हणालास, ‘आजोबा, बाहेर आलो की आधी शेजारचा तो शशिधर. धिस टाइम आय विल फिनिश हिम.’

आधी गाडीचं सांगतो. जुना सायलेन्सर कायद्यात बसत नव्हता, म्हणून काल बसने मोटरसायकलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने तीन दाखवले. पहिला चकचकीत, पण त्याच्यावर ‘रस्त्यावर वापरू नये’ असं कोरलेलं, तुझ्या जुन्यासारखंच. दुसऱ्यावर सरकारी शिक्का होता, म्हणजे आवाज हद्दीत. पण आतली आवाज अडवणारी नळी एका स्क्रूवर अडकवलेली. दुकानदार डोळा मारून म्हणाला, ‘स्क्रू काढा ग्रँडडॅड, मग ऐका.’ मी तो लगेच परत ठेवला. तो स्क्रू तू पहिल्या दिवशी काढशील. तिसऱ्यावरही शिक्का आहे आणि आतली नळी वेल्डिंग केलेली. तो घेतला. शिलाई मशीनसारखा आवाज येतो म्हणे. बसमध्ये मांडीवर धरून आणला आणि तीनदा उलटापालटा करून शिक्का पाहिला. तू हसशील. हस.

जुना घातलास तेव्हा कपाटातल्या बश्या नाचायच्या. तुझी आजी, विमल, छातीला हात लावून बसायची. ‘अरे, दारात तरी बंद कर,’ म्हटलं की तू मुद्दाम जास्त रेस करायचास. एकदा मी किल्ली काढून घेतली, तेव्हा तू मला भिंतीवर आपटलंस. चार टाके पडले. डॉक्टरला मी जिन्यावरून पडलो म्हणून सांगितलं. नंतर तू माझे पाय धरून रडलास, तेही मी विसरलो नाही. पण त्या दिवसापासून मला तुझी भीती वाटते. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

मग तो शनिवार. नगर कौन्सिलचा माणूस पोलिसाला घेऊन आला. पोलिसाने वाकून सायलेन्सर पाहिला आणि ही गाडी रस्त्यावर काढू नकोस म्हणाला. ते गेल्यावर तू हेल्मेट हातात घेऊन भर रस्त्यात ओरडलास, ‘कोणी कंप्लेंट केली? बाहेर ये!’ शशिधर कुंपणाची झुडपं कापत होता. मी उभा होतो त्या दाराकडे त्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, ‘मी केली, बाळा.’ पहिला फटका नाकावर बसला. दुसऱ्याला तो खाली पडला, तरी तू थांबला नाहीस. जबडा मोडल्याचा आवाज मला घरात आला. सत्तरीचा माणूस अजून एकाच बाजूने चावतो. डाव्या डोळ्याने त्याला नुसतं धुकं दिसतं.

नकुल, त्या तक्रारीवर नाव शशिधरचं आहे, पण तक्रार माझी आहे. कौन्सिलचा फॉर्म मला भरता येईना, म्हणून त्याच्याकडे घेऊन गेलो. मी मराठीत सांगत गेलो, तो इंग्रजीत लिहीत गेला. नावाच्या जागी पेन थांबवून म्हणाला, ‘यादवराव, घरच्या पोराविरुद्ध तुमचं नाव नको. माझंच घालतो.’ मी नको म्हणालो नाही. त्या शनिवारी तो माझ्याकडे बघत होता, मी बोलेन म्हणून. मी दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली. चौदा महिने तू आत आहेस आणि मी गप्प. त्याने अजून कुणालाही सांगितलेलं नाही. शुक्रवारी तुरुंगाच्या फाटकाबाहेर मी एकटाच उभा असेन. चष्मा घरी ठेवून येईन. जे राहिलं असेल ते माझ्यावर काढ, आणि मग घरी चल.

तुझाच, भेकड का होईना,
आजोबा