गुळाचा खडा

नोव्हाय, मिशिगन
१२ फेब्रुवारी २००६

प्रिय प्रितम,

सप्रेम जय भीम. इथे आम्ही मजेत. बर्फ इतका पडलाय की सकाळी गाडी उकरून काढावी लागते. माझं वेल्डिंग चालू आहे. रोज दाढी मात्र करावीच लागते, नाहीतर धुराचा मास्क गालाला नीट बसत नाही आणि सुपरवायझर शॉपमध्ये पाय ठेवू देत नाही. तू फोनवर हसला होतास ना, "काय बे दादा, साहेब झाला काय?" हस लेका.

काल तुझ्या घरून मैत्रीचा फोन आला. तू घरी नव्हतास म्हणून मोकळं बोलली. म्हणाली, "हे जिना चढताना दोनदा बसतात, खोकला थांबत नाही. पण दादा, काळजी करू नका. तुम्ही सांगितलं होतं ना, म्हणून गूळ दुप्पट केलाय."

मी 'बरं' म्हणालो आणि फोन ठेवला. 'बरं' म्हणालो, प्रितम!

गूळ तुला मीच शिकवला. हिंगण्याच्या वर्कशॉपात तू पहिल्या दिवशी नाकाला रुमाल बांधलास, तो मी सगळ्यांसमोर ओढला. "नवरी आहेस काय बे, तोंड झाकायला? सुटी झाली की गुळाचा खडा खा, धूर आपोआप उतरतो." माझ्या उस्तादानं मला तेच सांगितलं होतं. तेव्हा खरंच वाटायचं.

इथे पहिल्याच आठवड्यात ट्रेनिंगमध्ये कळलं, गूळ जातो पोटात आणि धूर बसतो फुप्फुसात. माझी फुप्फुसं दरवर्षी नळीत फुंकायला लावून तपासतात. ते ट्रेनिंग २००२ चं. चार वर्षं मला माहीत आहे.

मागल्या धम्मचक्र दिनाला आलो तेव्हा बॅगेत तुझ्यासाठी मास्क होता. सगळ्यांना चॉकलेटं वाटली, तो तेवढा काढला नाही. तू विचारलं असतंस, "मग गूळ?" माझं थोरलेपण गेलं असतं. मास्क परत घेऊन आलो. लाज वाटते रे.

आज तोच पार्सल केलाय, जास्तीच्या फिल्टरसकट. पोचेपर्यंत कामावर जाऊ नकोस. उद्याच दवाखान्यात जा, छातीचा फोटो काढ, डॉक्टरला सांग की चौदा वर्षं धुरात काम केलं. आणि मास्क लावल्यावर वर्कशॉपात कोणी हसलं तर माझं नाव घेऊन सांग, आमचा दादा चुकीचं शिकवून गेला.

एवढं एक अजून ऐक.

ज्याचं तू आजवर सगळं ऐकलंस,
तो तुझा दादा
धर्मराज