रत्नागिरीचा फ्लॅट लवू घाडी यांना

मी, फखरुन्निसा मजीद सोलकर, वय वर्षे ६६, निवृत्त इतिहास-शिक्षिका, मूळ राहणार तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी, सध्या मुक्काम मुलाकडे, सबाह अल-सालेम, कुवेत, हा लेख स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. डोकं ठीक आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. मला कोणी धमकावलेलं नाही की भुलवलेलं नाही. उलट मुलगा लिहू नको म्हणत होता. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही आणि दुसरं करण्याइतका जोर राहील असं वाटत नाही, म्हणून हेच पहिलं आणि शेवटचं समजावं.

१. मला इथेच, सुलैबिखातच्या कब्रस्तानात दफन करावं. पेटी विमानाने गावी नेऊ नये. जिवंतपणी त्या प्रवासाने पुष्कळ दमवलं आहे.

२. माझे वारस दोन. मुलगा साकिब, सेफ्टी इंजिनिअर, आणि मुलगी शाझिया, अकाउंटंट, दोघेही कुवेतमध्ये. यजमान मजीद २०२१ साली वारले. बँकेतली ठेव आणि दागिने या दोघांनी शरियतप्रमाणे वाटून घ्यावेत. कोणाला किती हे कायद्यानेच ठरवलेलं आहे, माझ्या मताला तिथे जागा नाही.

३. पुस्तकं माझी जुनी सहकारी जवेरिया परकार हिला द्यावीत. जर्मनी आणि इटलीच्या एकीकरणाचे दोन मोठे नकाशेही तिलाच. त्यांच्या मागे मी जुन्या चादरीचं कापड चिकटवलं आहे. गुंडाळताना कापड बाहेरच्या बाजूला ठेवावं. सांदणाचं भांडं सुनेला. तांब्याची मोठी डेग नणंद शरीफाने २००३ साली नेली, ती आता स्वतःची म्हणून सांगते. ती तिच्याकडेच राहू दे. मी माफ केलं असा अर्थ कोणी काढू नये.

निरोपसमारंभात शाळेने दिलेली पितळी पाटी शाळेला परत करावी. कारण कलम पाचमध्ये आहे.

४. रत्नागिरी शहरातला, माझ्या एकटीच्या नावावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट मी लवू सोनू घाडी यांना देते. त्यांनी राहावं, भाड्याने द्यावा, विकावा, त्यांची मर्जी. ते माझ्याआधी गेले तर त्यांच्या पत्नी ठकूबाई यांना मिळावा. लवू घाडी माझे नातेवाईक नाहीत आणि त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही. तेव्हा हे का, ते लिहून ठेवणं भाग आहे.

५. लवू आमच्या गावासमोर, खाडीपलीकडच्या वाडीतले. २००४ साली वेल्डर म्हणून कुवेतला आले. मजीद त्याच कंपनीत मंदूब होते, म्हणजे कामगारांचे आकामे (राहण्याचे परवाने), बताके (ओळखपत्रं), तिकिटं अशी सगळी सरकारी कागदपत्रं पाहणारे. लवू मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीजवळ, कंपनीच्या कॅम्पात राहत. दोन-तीन महिन्यांतून एखाद्या शुक्रवारी आमच्याकडे जेवायला येत. बांगड्याचं कालवण जेवून म्हणत, "भाभी, आज गावाक जावन इल्यासारख्या वाटला."

मी इथल्याच एका भारतीय शाळेत दहावीला इतिहास शिकवत होते. एका धड्यात एकोणिसाव्या शतकात राष्ट्रं कशी बांधली गेली ते यायचं: जकातनाकी उठली, रेल्वेचे रूळ पडले, पंचवीस-तीस संस्थानांचा एक देश झाला. दुसऱ्या धड्यात कारखाने यायचे. दोन्ही धडे मी वेगवेगळ्या महिन्यांत शिकवायची, जणू त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पहिल्या धड्यात राजे आणि मंत्री नावानिशी होते. दुसऱ्यात एक वाक्य होतं, की मुंबईच्या गिरण्यांतले एक-तृतीयांशाहून अधिक कामगार रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले असत. तीन मार्कांचा प्रश्न. ते वाक्य मी अठरा वर्षं वाचून पुढे जात होते. मी स्वतः रत्नागिरी जिल्ह्याची.

फेब्रुवारी २०१० मध्ये वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, व्हेअर डिड दे स्लीप?"

चाळीत, मी म्हटलं. एका खोलीत किती जण, असं तिने विचारलं. मला गिरण्यांची संख्या पाठ होती, चात्यांची पाठ होती. हे माहीत नव्हतं.

लवूंना माहीत होतं. त्यांचे पणजोबा परळच्या गिरणीत होते, आजोबाही. वडिलांच्या वेळी गिरणी बंद पडली आणि घराण्यातला पुढचा माणूस इथे आला. मी त्यांना शाळेत बोलावलं. त्यांनी एका गुरुवारी अर्धा दिवस रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि वर्गात उभे राहून हिंदीत बोलले. पणजोबांच्या खोलीत वीस जण होते, निम्मे बाहेर ओट्यावर झोपत. गावातून माणसं आणणारा मुकादम पहिल्या पगारातला वाटा घेई. मग मुलांनी विचारलं म्हणून स्वतःचं सांगितलं: खोलीत बारा जण, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, साडेचारची बस, आणि उन्हाळ्यात दुपारी काम बंद ठेवायचा नियम असताना टाकीच्या आत उतरवतात, कारण आतला माणूस बाहेरून दिसत नाही. आवाज न चढवता, रस्ता सांगावा तसं सांगितलं. एका मुलाने विचारलं, रिफायनरी तुम्ही बांधलीत का? ते हसले. "नहीं बेटा, मैंने सिर्फ जॉइंट मारे."

तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी इतिहास शिकवला असेल तर त्या एका तासाला.

शाझिया त्याच वर्गात होती. भित्तिपत्रकासाठी तिने लवूंवर लेख लिहिला आणि मला तपासायला दिला. तिने विचारलं, "अम्मी, नाव बदलू का?" मी म्हणाले, नाव नसलं की इतिहासाची अफवा होते. नाव राहिलं. कंपनीचंही राहिलं.

एका विद्यार्थिनीचे वडील त्या कंपनीत मोठ्या जागेवर होते. चौथ्या दिवशी मुख्याध्यापकांनी भित्तिपत्रक उतरवलं आणि मला लेखी खुलासा मागितला. त्याच संध्याकाळी मजीद घरी आले ते बूट न काढताच बसले.

"लवूचा आकामा कॅन्सल करायला सांगितलाय."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? कागद माझ्याच टेबलावर येतो."

"नका करू."

"मी नाही केला तर दुसरा करेल. मग आपला आकामा कोण लावेल ते सांग. साकिबची कॉलेजची दोन वर्षं राहिलीत."

मी जेवण वाढायला घेतलं. मजीदना वाईट म्हणण्यासाठी हे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी खुलासा लिहिला, त्यातलं वाक्य असं: 'पाहुणे काय बोलणार आहेत याची मला पूर्वकल्पना नव्हती.' पूर्वकल्पना होती. त्या तासाच्या आदल्या शुक्रवारी माझ्याच स्वयंपाकघरात बसून आम्ही सगळं ठरवलं होतं. खोलीत किती जण ते जरूर सांगा, असं मीच म्हटलं होतं. त्या एका वाक्यावर माझी नोकरी आणखी दहा वर्षं टिकली. वर ती पितळी पाटी मिळाली.

लवूंचा फोन विमानतळावरून आला. मी रडायला लागले तर तेच समजावू लागले. "भाभी, मजीदभायांका काय बोला नको. तेंचो तरी काय इलाज?"

ऑक्टोबरमध्ये मजीदना बढती मिळाली. डिसेंबरमध्ये त्या जोरावर रत्नागिरीचा फ्लॅट घेतला. प्रेमाने माझ्या नावावर केला. मी त्यात एकही रात्र राहिलेले नाही. सुट्टीवर गेले की भावाकडे उतरायचे आणि गुडघ्यांचं निमित्त सांगायचे. जिना आहे, लिफ्ट नाही. गुडघे तेव्हा चांगले होते.

मजीद गेल्यानंतरच्या वर्षी, २०२२ मध्ये, मी तरीने खाडी ओलांडून लवूंच्या घरी गेले. दारात ठकूबाई होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्या आत गेल्या, पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि पुन्हा आत गेल्या. परत बाहेर आल्या नाहीत. मला त्यांचं बरोबर वाटलं. कुवेतच्या पैशाने सुरू केलेल्या नव्या घराचे खांब आणि वरचा स्लॅब उभा होता, भिंती नव्हत्या. बारा वर्षं ते तसंच होतं. खाली लाकडं रचून ठेवली होती. लवू बाजारात खिडक्यांच्या ग्रिल जोडून देत. बोलताना मधेच दम लागत होता.

माफी मागायला म्हणून गेले होते. चार वाक्यं जुळवून नेली होती. त्यातलं एकही पुरं होऊ न देता त्यांनी विचारलं, "भाभी, ती पोरां पास झाली काय?"

सगळी झाली, मी म्हटलं.

"त्या धड्यावर प्रश्न इलो होतो?"

आला नव्हता. मी आला होता म्हणून सांगितलं. त्यांच्या बाबतीत खोटं बोलण्याची ती माझी दुसरी वेळ.

६. हे कलम शाझियासाठी आहे. तू त्या वर्षी लिहिणं सोडलंस आणि पुढे कॉमर्स घेतलंस. मी कारण विचारलं तेव्हा एवढंच म्हणालीस, "इट वॉज माय आर्टिकल, अम्मी." मी तुझी समजूत घातली नाही, कारण तू स्वतःला दोष देत होतीस तोवर मला कोणी विचारत नव्हतं. तू पंधरा वर्षांची होतीस आणि नाव बदलायचं तुला सुचलं होतं. नको म्हणणारी मी. हे तोंडी सांगायला मला पंधरा वर्षं धीर झाला नाही. आता कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सांगते आहे. तो लेख चांगला होता. त्यात एक स्पेलिंग चुकलं होतं, बस्स.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी शाझियाने करावी.

७. आता कायद्याचं. वारसांखेरीज इतर कोणाला मला मिळकतीचा एक-तृतीयांश भागच देता येतो. फ्लॅटची किंमत जवळजवळ निम्मी भरते. म्हणजे तिसऱ्या हिश्शापर्यंत लवूंचा हक्क माझ्या शब्दावर उभा राहील. त्यावरचं द्यायचं की नाही, हे साकिब आणि शाझिया यांनी ठरवायचं.

कच्चा मसुदा गेल्या शुक्रवारी साकिबने वाचला. २०१० साली तो भारतात कॉलेजला होता, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. वाचून तो गॅलरीत गेला. बऱ्याच वेळाने आत आला.

"अम्मी, त्या माणसाने कधी मागितलं तरी का?"

"नाही."

"मग? अब्बांनी घेतलेलं घर आहे ते."

"म्हणून तर."

तो सोफ्यावर बसला. रोज सकाळी मीना अब्दुल्लाला जातो, माणसांना टाकीत उतरवण्याच्या परवान्यावर सही करतो. कसा करतो, ते मी त्याला कधी विचारलेलं नाही. त्या दिवशी त्यानेच सांगितलं, की गेल्या जुलैत त्याने एक परवाना अडवून ठेवला होता आणि तिसऱ्या दिवशी दिला. आम्ही दोघांनी चहा घेतला.

मग म्हणाला, "बरं. संमती कुठे लिहायची? आत्ता करतो सही."

मी काझीसाहेबांना फोन करून विचारून घेतलं होतं. माझ्या हयातीत दिलेली संमती धरत नाहीत. आईच्या डोळ्यांदेखत मुलगा नाही म्हणू शकत नाही, म्हणून तो नियम असावा. मुलांनी ती मी गेल्यावर द्यायची, किंवा द्यायची नाही. तसं त्याला सांगितलं.

"म्हणजे तुला कळणारच नाही," तो म्हणाला.

"नाही," मी म्हणाले.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, परत वाचला, आणि मला तो मान्य आहे.

लिहून देणार : फखरुन्निसा मजीद सोलकर (सही)

आमच्यासमक्ष सही केली :
१. जवेरिया इरफान परकार, शिक्षिका, रुमैथिया (सही)
२. दत्तप्रसाद वामन तेरवणकर, औषधविक्रेते, सबाह अल-सालेम (सही)

स्थळ : सबाह अल-सालेम, कुवेत
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार