न्यूझीलंडमधला माझा दिवस

३ मार्च
ठरलं! सफरचंदं तोडायला न्यूझीलंडला आमच्या बेटावरच्या या गावातून एकच माणूस घेणार. एकच म्हणजे मीच, दुसरं आहे कोण इथे? फक्त गावच्या मुख्य पंचांची सही हवी. मुख्य पंच म्हणजे तुइलोमा मामा, माझा सख्खा मामा. झालंच म्हणून समजायचं.

तिथला दिनक्रम: पहाटे उठणे. गार पाण्याने आंघोळ. ओट्स. काम. संध्याकाळी जॉगिंग. मग पुस्तक. दारात उभं राहून तारोचे कंद मागणारे नातेवाईक नाहीत. बायको, लेतू, इथेच राहील. आईकडे कोण बघणार? शिवाय ती फार मोठ्याने हसते. तिकडे चालत नाही.

५ मार्च
उठलो नाही. सवय हळूहळू लावावी.
लेतूला बेत सांगितला. पोट धरून हसली. म्हणाली, अरे, तिथे दिवसभर शिडीवर चढायचं असतं, तुला ओट्यावर चढताना धाप लागते.
जळते. दुसरं काय!

८ मार्च
दुकानात ओट्स नाहीत. नारळाच्या दुधातला भात खाल्ला. दोनदा.
लेतू सकाळपासून तारो खणत होती. मदत करणार होतो, पण हात जपायला हवेत. सफरचंद नाजूक फळ.
मामा म्हणाला, अर्जात दुसरं नाव लागतं, लेतूचं घातलंय. नुसतं नावाला.

१२ मार्च
जॉगिंग सुरू! संध्याकाळी निघालो आणि प्रार्थनेचा शंख वाजला. तेव्हा गावात कुणी रस्त्यावर पाऊल टाकत नाही. मला का ठाऊक नाही? पण मी आता मनाने तिकडचा. घराघरातून भजनं चालू, रस्त्यावर मी एकटा. काय सुटसुटीत वाटलं! मामाच्या घरासमोर हात केला. मामा प्रार्थना म्हणता म्हणता थांबला. कौतुकाने, बहुतेक.

१३ मार्च
कौतुकाने नव्हे.
गावकी बसली. मामा सगळ्यांदेखत म्हणाला, ज्याला इथला शंख ऐकू येत नाही, तो तिकडे मालकाचं काय डोंबल ऐकणार? आमचं सगळ्यात मोठं डुक्कर दंड म्हणून गेलं. आई म्हणाली, मेल्या मालाकी, त्यापेक्षा तुलाच दिलं असतं, पण गावाने घेतलं नसतं.
डुक्कर तिथेच भाजलं. मलाही तुकडा मिळाला. चांगलं झालं होतं.
सहीचं मामा काही बोलला नाही. राग निवळला की करेल.

२० मार्च
मामाने सही केली. लेतूच्या नावापुढे.
परसात जाऊन रडलो. मग वाट बघत बसलो, की ती येऊन विचारेल, जाऊ का? मी मोठ्या मनाने जा म्हणणार होतो. तिने विचारलं नाही. बॅग भरत होती.

२ एप्रिल
विमानतळ. अख्खं गाव लोटलेलं. तिच्या गळ्यात माळाच माळा. माझ्या हातात बॅग. तीही नंतर मामाने घेतली, म्हणाला, पाडशील.
एका अर्थी बरंच झालं. ती पुढे जाऊन जम बसवेल, मागोमाग मी.

१८ मे
लेतूचा फोन. आईला. मी शेजारीच होतो, सगळं ऐकू येत होतं. मालक खूश आहे, म्हणाला, तुझ्या घरचं आणखी एक माणूस बोलव.
ऊर भरून आला. शर्ट बदलला.
तिने स्वतःच्या धाकट्या बहिणीचं नाव दिलंय.
आईने विचारलं, अगं, आणि हा? वाटलं, लेतू जरा अडखळेल. नाही अडखळली. म्हणाली, आई, त्यांना कामाचं माणूस हवंय.
आई म्हणाली, बरोबर केलंस गं.