मासवणच्या विहिरीतली गोगलगाय

रविवार, संध्याकाळ. बोईसर

आज मासवणला जे झालं ते अजून नीट उमगत नाहीये. फ्रान्सहून आलेल्या भूगर्भशास्त्रज्ञ बाई चाळीस वर्षं एकच सांगत आल्या: इकडच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये कुठलाही जीव जगला नाही. माझा अख्खा प्रबंध त्याच वाक्यावर उभा. पुढच्या महिन्यात द्यायचाय.

आम्ही खडक बघत होतो, तेव्हा तिथे शेती करणाऱ्या जानकीताईंनी एक दगड आणून दिला. "इहीर खनली तवा निंगाला. पोरं खेलतात यानं." दगडात गोगलगाय. नखाएवढी, पार दगड झालेली.

बाईंनी भिंग लावलं. मग विहिरीत वाकून लाव्हाच्या दोन काळ्या थरांमधला करडा पट्टा पाहिला. दगड त्यातलाच होता. खाली बसल्या आणि चक्क हसल्या! मला इंग्रजीत म्हणाल्या, "चाळीस वर्षं चुकले. जिवंतपणी कळलं, नशीब माझं."

जानकीताई घाबरल्या. "माजं काय चुकलं का?"

"नाही हो ताई," मी म्हटलं.

पण मला हसू येईना. क्षणभर वाटलं, तो दगड परत विहिरीत टाकावा. असं का वाटलं मला? मी इतकी वर्षं नक्की काय शिकले? ती गोगलगाय डोळ्यांपुढून हलत नाही.

आत्ता गाईडसरांना फोन करून सांगितलं, प्रबंध इतक्यात देत नाही. त्यांनी कारण विचारलं. "सर, मला पुन्हा खडक बघायचेत," एवढंच बोलता आलं.