गरम कुंडातल्या गप्पा

प्रिय आईस,

मी खुशाल आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

आइसलँडला येऊन तीन वर्षं झाली, तरी आइसलँडिकमध्ये मला जुजबीच बोलता येतं. काल गावच्या गरम पाण्याच्या कुंडात म्हातारे स्टाइनग्रीमुर शेजारी बसले होते. मी विचारलं, "आज बायको नाही आली?"

"ती गेली."

"अरे वा. तिकडे हवा चांगली आहे ना?"

कुंडातले सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. स्टाइनग्रीमुर जरा विचार करून म्हणाले, "असावी." आणि हसले.

ती गेल्या आठवड्यात वारली, हे मासळीच्या कारखान्यातल्या मैत्रिणीने मला आज सांगितलं. संध्याकाळी कुंडावर त्यांची माफी मागायला गेले, तर ते सरकून जागा करत म्हणाले, "बस. तिच्याबद्दल आणखी काहीतरी विचार."

आई, अशा वेळी काय विचारायचं असतं गं?

तुझी गोंधळलेली,
बोझेना